सहा रविवार, सहाशे रुपये: स्त्रीवाद आणि उत्क्रांती एकत्र शिकवणारा टिळकवाडीतला वर्ग

बेळगावात टिळकवाडीत एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर हॉल आहे, तिथं सहा रविवार एक वर्ग झाला, विषय होता मानसशास्त्रात स्त्रीवाद आणि उत्क्रांती यांची सांगड कशी बसते. फी सहाशे, झेरॉक्सचे वेगळे दीडशे, सकाळी साडेदहा ते एक, मधे चहा. मी सहाच्या सहा रविवार गेले, एक पण चुकवला नाही, म्हणून म्हटलं सविस्तर लिहावं कारण पुढची बॅच दिवाळीनंतर आहे आणि असलं काही आपल्या गावात मराठीत होतंय हेच पुष्कळ जणींना माहीत नाही. शिकवणाऱ्या बाई कॉलेजातून रिटायर झाल्यात, त्यांनी नाव आणि फोन नंबर नेटवर टाकू नका म्हणून सांगितलंय तेव्हा ते देत नाही, पण आर.पी.डी. कॉर्नरच्या आसपास चौकशी केलात तर कळतंय. मला विचाराल तर पाचपैकी चार स्टार, एक का कापला ते पण सांगते पुढं.

आधी मी तिथं का गेले ते सांगायला पाहिजे नाहीतर पुढचं कळणार नाही. गेल्या वर्षी मी मोबाईलवर एक कोर्स घेतला होता, कुणाचा ते लिहीत नाही, १,९९९ रुपये भरले, बाईचं मन आणि पुरुषाचं मन कसं वेगळं असतं असा काहीतरी विषय. बारा व्हिडिओ होते आणि बाराच्या बारा व्हिडिओत एकच गोष्ट फिरवून फिरवून, की पुरुष शिकारीला जायचा म्हणून तो घरात गप्प असतो, बाई गुहेत पोरं सांभाळत बसायची म्हणून ती बडबड करते, पुरुषाला बाहेरची ओढ निसर्गानंच दिलीय आणि बाईला घराची, तेव्हा ताईंनो भांडू नका समजून घ्या. माझ्या मुलीनं दोन व्हिडिओ बघितले आणि विचारलं मम्मी हे सायन्स आहे काय, मला उत्तर देता आलं नाही. पैसे परत मागितले, त्याचं पण उत्तर आलं नाही.

दुसरीकडं आमच्या तालुक्याच्या एका महिला मेळाव्यात एक वक्त्या आल्या होत्या, त्या म्हणाल्या निसर्ग बिसर्ग काही नसतं, बाईपण सगळं समाजानं घडवलेलं असतं, शरीराचा काही संबंध नाही. टाळ्या मी पण वाजवल्या पण घरी येताना बसमध्ये डोक्यात तेच, मी दोन बाळंतपणं केलीत, बाळ रडलं की शेजारच्या खोलीत असताना ब्लाउज ओला व्हायचा, ते काय समाजानं केलं काय. म्हणजे एकाकडं गेलं तर तो म्हणतो तुझं नशीब तुझ्या अंगात लिहिलंय, दुसरीकडं गेलं तर त्या म्हणतात तुझ्या अंगाला काही अर्थच नाही. मला दोन्ही पटत नव्हतं आणि दोन्ही पूर्ण खोटं पण वाटत नव्हतं. या अडचणीत माझ्यासारख्या पुष्कळ जणी असतील असं मला वाटतं, आणि हा वर्ग नेमका त्या अडचणीसाठी आहे.

पहिल्या रविवारी अठरा जण होतो. दोन नर्सबाई, एक वकील, बी.एड.च्या तीन मुली, बँकेतून रिटायर झालेले एक काका, युनिव्हर्सिटीत झूलॉजी करणारा एक मुलगा, वडगावच्या विणकरांच्या घरातल्या एक अक्का ज्या फक्त नातीला सोडायला म्हणून आल्या आणि मग सहाही रविवार बसल्या. दोघी-तिघी कन्नड बोलणाऱ्या होत्या, बाई त्यांच्यासाठी मधेमधे कन्नडमध्ये सांगायच्या, कुणी तक्रार केली नाही, उलट दोनदा ऐकून आम्हालाच जास्त कळायचं.

बाईंनी डब्यातून गूळ आणला होता. प्रत्येकाच्या हातावर एक एक खडा ठेवला आणि विचारलं, गोड का लागतो सांगा. नर्सबाई म्हणाल्या जिभेवरून मेंदूला निरोप जातो म्हणून. अक्का म्हणाल्या लहानपणापासून सणाला खाल्लाय म्हणून. झूलॉजीवाला म्हणाला जुन्या काळात ज्यांना पिकलं फळ, मध आवडायचं त्यांना ताकद मिळाली, ती जगली, आपण त्यांची पोरं. आणि एक मुलगी म्हणाली की माकडांना पण गोड आवडतं, म्हणजे हे आपल्याही आधीचं असणार. बाई म्हणाल्या चारही बरोबर, आणि यातला एक बरोबर आहे म्हणून दुसरा खोटा पडत नाही. निको टिनबर्गन म्हणून प्राण्यांच्या वागणुकीचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ होते, नोबेल मिळालेले, त्यांनी १९६३ साली हेच मांडलं की कुठल्याही वागण्याबद्दल ‘का’ विचारलं की त्याचे चार वेगवेगळे अर्थ होतात: आत यंत्रणा काय चालते, एका आयुष्यात ते कसं तयार झालं, त्याचा जगायला उपयोग काय झाला, आणि ते कुठून चालत आलं. स्त्रीवादी लोक बहुतेक दुसऱ्या ‘का’ला उत्तर देतात, म्हणजे मुलगी जन्मली तेव्हापासून तिला काय शिकवलं, कुणाच्या हातात पैसा होता, कुणाच्या हातात काठी होती. उत्क्रांतीवाले तिसऱ्या आणि चौथ्या ‘का’ला. मग भांडतात, प्रश्नच वेगळे असताना.

आणि मग गुळावरूनच पुढं नेलं त्यांनी. गोडाची ओढ निसर्गानं दिली हे मान्य, पण गुऱ्हाळ निसर्गानं बांधलं काय, साखर कारखाना निसर्गानं काढला काय, उसाचा दर कोण ठरवतं, घरात पहिला लाडू कुणाच्या ताटात पडतो हे कुणी ठरवलं. आणि साखर झालेल्या माणसाला डॉक्टर असं म्हणतात काय की गोडाची ओढ नैसर्गिक आहे तेव्हा खा बिनधास्त. आपल्या जिल्ह्यात ऊस न बघितलेला माणूस नाही, त्यामुळं हे असं डोक्यात बसलं की बास. ‘आहे’ वरून ‘असावं’ काढता येत नाही हे डेव्हिड ह्यूम नावाच्या तत्त्वज्ञानं अठराव्या शतकातच सांगून ठेवलंय म्हणे, पण मला ते गुळाच्या खड्यातून कळलं. त्या ॲपवाल्या माणसाचं काय चुकत होतं ते त्या दिवशी बोट ठेवून सांगता आलं असतं मला.

दुसरा रविवार सगळ्यात रंगला. बाईंनी विचारलं धारवाडला किती जण गेलात, सगळ्यांचे हात वर, दीड-दोन तासावर तर आहे. मग म्हणाल्या जगभरातल्या या वादातली एक मोठी गोष्ट धारवाडच्या वानरांपासून सुरू होते. मला माहीतच नव्हतं! १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा नावाचे जपानी संशोधक धारवाडच्या आसपासच्या जंगलात काळ्या तोंडाच्या वानरांचा अभ्यास करत होते. त्या वानरांच्या टोळीत बहुतेक वेळा एक मोठा नर आणि बऱ्याच माद्या असतात, बाकीचे नर बाहेर आपला वेगळा कळप करून फिरतात, आणि कधीतरी बाहेरचा नर आत घुसून जुन्याला हाकलतो. सुगियामांनी बघितलं की असा नवा नर आला की अंगावर पिणारी पिल्लं मारली जातात. १९६५ साली त्यांनी ते छापलं. तेव्हा पुष्कळ शास्त्रज्ञ म्हणायचे की गर्दी झाली, माणसांचा त्रास झाला म्हणून वानरं पिसाळल्यासारखी वागतात, तो एक आजार आहे.

मग १९७० च्या दशकात सारा ब्लॅफर हर्डी नावाची अमेरिकन तरुणी राजस्थानात माउंट अबूला येऊन हीच वानरं बघत बसली. ती म्हणाली हा आजार नाही, यात नराचा हिशोब आहे. पिल्लू गेलं की आईचं दूध थांबतं, ती लवकर माजावर येते, नव्या नराला आपली पिल्लं लवकर मिळतात. वर्गात सगळे गप्प झाले हे ऐकून, एका मुलीनं तर विचारलं की बाई हे असलं का शिकायचं. पण खरी गोष्ट पुढं आहे. हर्डी तिथं थांबली नाही, तिनं माद्या काय करतात ते बघितलं, जे तोपर्यंत फार कुणी बघितलंच नव्हतं. माद्या एकत्र येऊन नराला अडवतात, म्हाताऱ्या माद्या पिल्लासाठी अंगावर जातात, आणि माद्या एकापेक्षा जास्त नरांकडं जातात, टोळीबाहेरच्या नराकडं पण, पोटात पिल्लू असताना सुद्धा. का, तर हर्डीच्या मते पिल्लू नक्की कुणाचं हे नरांना कळू नये म्हणून, कारण आपलं असण्याची शक्यता असलेल्या पिल्लाला नर हात लावत नाही. डार्विनपासून जे चालत आलेलं की मादी लाजाळू, निवांत, एका जागी बसून नराची वाट बघणारी, त्याला या काळ्या तोंडाच्या वानरिणींनी सुरुंग लावला.

अक्का म्हणाल्या, म्हणजे तिला पण डोकं आहे की. बाई म्हणाल्या हेच, अक्का, हेच तर सांगायचंय. उत्क्रांतीच्या गोष्टीत आजवर नर काहीतरी करायचे आणि मादीला फक्त व्हायचं. हर्डीनं स्त्रीवाद बाहेर ठेवून विज्ञान केलं नाही, आणि विज्ञान सोडून स्त्रीवाद पण केला नाही. ती बाई म्हणून मादीकडं बघायला शिकली म्हणून तिला जास्त दिसलं, आणि जे दिसलं ते मोजून दाखवलं. पण बाईंनी लगेच एक खबरदारी पण घ्यायला लावली, हे वानरांचं आहे, यातून माणसाचं काही थेट काढायचं नाही, नाहीतर आपण पण त्या गुहावाल्यांसारखेच होऊ.

त्याच दिवशी एक जुनी गोष्ट सांगितली जी मला लई आवडली. डार्विननं १८७१ साली लिहिलं की पुरुष जे हातात घेईल त्यात बाईपेक्षा वर पोचतो, आणि चारच वर्षांत, १८७५ ला, अँटोइनेट ब्राउन ब्लॅकवेल नावाच्या अमेरिकन बाईनं त्याला पुस्तकभर उत्तर दिलं, उत्क्रांती मान्य करूनच दिलं, की तुमच्या वजनकाट्यात नराचेच गुण टाकलेत, मादीचे टाकलेच नाहीत. आणि मग सात वर्षांनी, १८८२ ला, इकडं बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे पुरुष आणि स्त्री एकाच तराजूत घालून बघा म्हणत लिहितात. दोघींना एकमेकींचं नाव सुद्धा माहीत असायचं कारण नाही. तराजू मात्र दोघींनी तोच धरला.

तिसऱ्या रविवारी माशा. याच्यावर मी जास्त लिहीत नाही कारण इथंच वर्ग जरा घसरला. अँगस बेटमन यांनी १९४८ साली फळमाशांवर प्रयोग केला आणि निष्कर्ष काढला की नराला जितक्या जास्त माद्या तितकी पिल्लं जास्त, मादीला त्याचा तेवढा फायदा नाही. १९७२ ला रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी त्यावरून मोठा सिद्धांत उभा केला की ज्याची पिल्लात गुंतवणूक जास्त तो निवडक असतो. पुढं मानसशास्त्रात जे जे ‘पुरुष असेच असतात’ आलं त्यातलं पुष्कळ इथून आलंय. आणि मग २०१२ साली पॅट्रिशिया गोवाटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोच प्रयोग परत केला तर लक्षात आलं की पिल्लू कुणाचं हे ओळखायला बेटमननी वापरलेल्या खुणा म्हणजे अंगातले दोषच होते, आई आणि बाप दोघांच्या खुणा ज्या पिल्लात आल्या त्यातली कितीतरी मोजायच्या आधीच मरून गेली, म्हणजे हिशोबाची वहीच फाटकी. चौसष्ट वर्षं तो प्रयोग कुणी जसाच्या तसा परत करून बघितला नव्हता. गोवाटी स्वतः उत्क्रांतीच्याच अभ्यासक आणि स्त्रीवादी पण, दोन्ही. हे सगळं भारी आहे पण त्या दिवशी फळ्यावर आकडे, जनुकांची अक्षरं, टक्के, आणि बाईंना घाई झालेली. मागं बसलेल्यांना काही कळलं नाही. मी घरी येऊन मुलीकडून परत समजून घेतलं. हा एक रविवार दोन करायला पाहिजे होता.

चौथ्या रविवारी लग्नाचा विषय, मग काय, आमच्याकडचा रोजचाच. डेव्हिड बस यांनी १९८९ साली ३७ संस्कृतींतल्या दहा हजारांवर लोकांना जोडीदारात काय पाहिजे ते विचारलं, आणि जवळजवळ सगळीकडं बायकांनी जोडीदाराच्या कमाईला पुरुषांपेक्षा जास्त महत्त्व दिलं, पुरुषांनी तरुणपणाला आणि दिसण्याला. उत्क्रांतीवाले म्हणाले बघा, जगभर सारखंच, म्हणजे आतून आलेलं. मग ॲलिस ईगली आणि वेंडी वुड यांनी १९९९ ला तेच आकडे परत काढले आणि दाखवलं की ज्या देशात बायकांच्या हातात सत्ता-पैसा जास्त तिथं हा फरक कमी होतो. म्हणजे जिच्या स्वतःच्या हातात पगार नाही ती दुसऱ्याचा पगार बघणारच की. इथं वर्गात आवाज वाढले. काका म्हणाले आमच्या भावकीत पाच एकर शेत असलेल्या पोराला मुलगी मिळेना, बत्तीस वर्षांचा झाला, सगळ्यांना पुण्या-बेंगळूरचा नोकरीवाला पाहिजे. बी.एड.ची एक मुलगी उभी राहून म्हणाली काका, त्या पाच एकरातला एक गुंठा तरी सुनेच्या नावावर करतो म्हणा, मग बघा. काका गप्प बसले, पण रागावले नाहीत, पुढच्या रविवारी आले तेव्हा तिच्यासाठी शेतातली काकडी घेऊन आले.

बाईंचं मला जे पटलं ते हे की त्यांनी विषय तिथं आपल्या सोयीनं संपवला नाही. २०२० साली ४५ देशांत परत असा मोठा अभ्यास झाला त्यात बायका-पुरुषांचा फरक परत सगळीकडं दिसला आणि समानता वाढली की कमाईबद्दलचा फरक कमी होतो हे काही तितकं पक्कं निघालं नाही, दोघांच्या वयातलं अंतर मात्र कमी होताना दिसलं, हे पण त्यांनी सांगितलं. आणि म्हणाल्या आपल्या बाजूचा पुरावा ढिला पडला तर तो पण फळ्यावर लिहायचा, त्यात आपलं काही जात नाही, बाईला हक्क मिळायला तिचा मेंदू पुरुषासारखाच आहे हे आधी सिद्ध करायला लागत नाही. हे वाक्य मी वहीत दोनदा लिहून घेतलंय.

आता पाचवा रविवार. याच्यासाठीच खरं तर मी हे सगळं लिहायला बसले.

माझं पहिलं बाळंतपण नंदगडला माहेरी झालं. आई होती, आज्जी होती, शेजारच्या काकू होत्या, सव्वा महिना मी फक्त बाळाला पाजायचं आणि झोपायचं, अंगाला तेल, शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, बाळ कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर असायचंच. दुसऱ्या वेळेला आई गेली होती. मिस्टर गोव्याला कामाला, पंधरा दिवसांनी यायचे. अनगोळच्या दोन खोल्यांत मी, दोन वर्षांची पोर आणि तान्हं बाळ, आत्तींचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे धरलेले त्यामुळं त्यांना तरी काय सांगणार. मला त्या बाळाबद्दल काही वाटतच नव्हतं. लिहायला आज पण हात थांबतोय. ते रडायचं आणि मी भिंतीकडं बघत बसायची, पाजायची पण यंत्रासारखी. बघायला आलेल्या एका नातेवाईक बाईंनी सगळ्यांसमोर म्हटलं, कसली आई गं तू, गाय-म्हैस सुद्धा वासराला चाटते. सतरा वर्षं झाली, तो मुलगा आज माझ्यापेक्षा उंच आहे आणि माझा जीव आहे, पण ते वाक्य गेलं नव्हतं. कारण मला पण आतून हेच वाटायचं की निसर्गानं प्रत्येक आईला जे दिलं ते माझ्यात कमी पडलं.

त्या रविवारी बाई हर्डीचं पुढचं काम सांगत होत्या, १९९९ आणि २००९ च्या पुस्तकांतलं. चिंपांझीची आई पिल्लू झालं की पहिले काही महिने दुसऱ्या कुणाला हातच लावू देत नाही. माणसाची आई मात्र पहिल्या दिवसापासून बाळ दुसऱ्याच्या हातात देते, आज्जीच्या, मावशीच्या, मोठ्या बहिणीच्या. कारण माणसाचं पोर इतकं महाग आहे की एकटी आई ते वाढवूच शकत नाही, मोठं होऊन स्वतःचं स्वतः मिळवेपर्यंत त्याला एक कोटीच्या वर कॅलरी लागतात असा हिशोब आहे. लाखो वर्षं माणसाची पोरं जगली ती पुष्कळ हातांमुळं. आणि त्यामुळंच माणसाच्या आईचं मन असं घडलंय की ते आजूबाजूला बघतं, माझ्याबरोबर कोण आहे, हात किती आहेत, आणि कुणी नसलं की ते मागं सरतं. आईची माया खरीच आहे, अंगात आहे, हार्मोनमध्ये आहे, पण ती बटण दाबलं की चालू होणारी नाही, तिला माणसं लागतात.

बाई पुढं बोलत होत्या, टांझानियातल्या हाड्झा लोकांच्या म्हाताऱ्या बायका दिवसभर जमिनीतून कंद खणून काढतात आणि नातवंडांचं वजन त्यावर ठरतं हे क्रिस्टन हॉक्स यांनी मोजलं, आफ्रिकेतल्या गांबियात आईची आई जिवंत असली तर लहान पोरं जास्त जगतात हे रेबेका सीअर आणि सहकाऱ्यांनी जुन्या नोंदींवरून दाखवलं, बापाच्या आईचा तसा परिणाम तिथं दिसला नाही. आईची आई. पहिल्या बाळंतपणाला माहेरी न्यायची आपली रीत. मी वही मिटली आणि रडले. शेजारी वडगावच्या अक्का होत्या, त्यांनी काही विचारलं नाही, फक्त हात धरून बसल्या.

माझ्यात काही कमी नव्हतं. माझ्याजवळ माणसं कमी होती. हे मला सतरा वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं, आणि जे सांगितलं ते वानरांपासून सुरुवात करून सांगितलं. स्त्रीवादी म्हणतात आईपणाचं ओझं एकट्या बाईवर टाकू नका, आणि उत्क्रांती म्हणते ते एकटीनं उचलायचं असं कधी नव्हतंच. मला वाटतं दोघांची गाठ पडायची जागा हीच आहे, नवरा-बायकोच्या भांडणात किंवा गुहेत नाही, बाळंतिणीच्या खोलीत आहे. चहाच्या वेळी मला आणखी एक सुचलं ते मी वर्गात बोलले पण. ताराबाईंनी लिहिलं ते सुरतच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यानंतर, तिनं आपलं बाळ मारलं म्हणून शिक्षा झाली होती आणि पेपरवाले सगळ्या बायकांच्या नावानं ओरडत होते. आणि त्याच्या किती आधी, १८६३ ला, जोतिराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं, अशा बायकांनी येऊन गुपचूप बाळंत व्हावं, बाळ ठेवून जावं किंवा घेऊन जावं म्हणून. त्यांनी त्या बायकांना राक्षसीण म्हटलं नाही, त्यांना कळलं होतं की आधार नसला की आई काय करते आणि आधार मिळाला की काय करते. हर्डीच्या शंभर-सव्वाशे वर्षं आधी. बाई म्हणाल्या हे मी पुढच्या बॅचला सांगणार, तुमचं नाव न घेता.

सहाव्या रविवारी बार्बरा स्मट्स यांचं १९९५ चं लिखाण होतं, पुरुषसत्ता आली कुठून याचा उत्क्रांतीच्या अंगानं विचार. पुष्कळ वानरांत माद्या आपल्या माहेरच्याच टोळीत राहतात, नर बाहेर जातात, म्हणून आया-बहिणी-मावश्या एकीनं नराला तोंड देऊ शकतात. माणसात पुष्कळ ठिकाणी बाई सासरी जाते, तिची आपली माणसं मागं राहतात, पुरुषांची एकी मात्र जागच्या जागी, वर जमीन-धान्य पण त्यांच्याच हातात. पण बोनोबो नावाचे वानरकुळातले आपले जवळचे नातलग आहेत, त्यांच्यात माद्या परक्या टोळीत जातात, एकमेकींच्या नात्यातल्या नसतात, तरी एकी करतात आणि नराचं फारसं चालू देत नाहीत. हे सांगून झालं तर मागून एक बाई म्हणाल्या, म्हणजे आमचा स्त्रीशक्ती संघच झाला की हो! सगळा हॉल हसला पण बाई म्हणाल्या हसू नका, त्यांनी बरोबर पकडलंय, गावात सासरी आलेल्या पंधरा-वीस जणी, रक्ताच्या कुणीच कुणाच्या नाहीत, आठवड्याला बसून पैसे जमवतात आणि एकीच्या नवऱ्यानं हात उचलला की चार जणी दारात जातात.

आता एक स्टार कशाला कापला. जिना उभा आणि अरुंद आहे, अक्कांना दर वेळी दोघींनी धरून चढवलं, आणि बाथरूम खाली छापखान्यात, रविवारी किल्ली ज्याच्याकडं त्याला फोन करायला लागायचा. पाळी चालू असलेल्या मुलीला हे किती अवघड होतं ते सांगायला नको, बायकांच्या विषयावरच्या वर्गात तर हे पहिलं बघायला पाहिजे होतं. झेरॉक्स सगळे इंग्रजीत आणि अक्षर मुंगीएवढं, दीडशे रुपये घेता तर दोन पानं मराठीत सारांश द्या. तिसऱ्या रविवारची घाई वर लिहिलीच आहे.

आणि दोन मोठ्या गोष्टी. बलात्काराच्या उत्क्रांतीवर २००० साली अमेरिकेत जे पुस्तक आलं आणि ज्याच्यावर स्त्रीवादी आणि जीवशास्त्रज्ञ दोन्ही तुटून पडले तो विषय शेवटच्या दिवशी पंधरा मिनिटांत आटोपला. मला कळतंय की मिश्र वर्गात अवघड जातं, पण नेमकं तिथंच सांगड बसते की तुटते ते कळलं असतं, आणि ‘नैसर्गिक आहे’ याचा सगळ्यात वाईट उपयोग पण तिथंच होतो. दुसरं म्हणजे सव्वा महिना माहेरी आराम सगळ्या बाळंतिणींना कुठं मिळतो. आमच्या शाळेजवळ ऊसतोडीच्या टोळ्या येतात त्यातल्या बायका पंधरा दिवसांची ओली बाळंतीण असताना फडात असतात, बाळ पाचटाच्या सावलीला. गरीब-श्रीमंत, जातपात यावर सहा रविवारांत फार थोडं आलं. बाईंना मी हे तोंडावर सांगितलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं, पुढच्या वेळी सातवा रविवार घालते म्हणाल्या.

कुणासाठी आहे म्हणाल तर ज्यांना एका दिवसात पक्कं उत्तर पाहिजे त्यांनी जाऊ नये, मानसशास्त्र किंवा झूलॉजी शिकलेलं असायची गरज नाही, अक्का सातवी शिकलेल्या आणि सगळ्यात चांगले प्रश्न त्यांचे होते. पुरुषांनी जरूर जावं, आमच्यात चारच होते. खानापूर, चंदगडकडून येणाऱ्यांनी सकाळची पहिली गाडी धरावी, साडेदहा म्हणजे साडेदहालाच सुरू होतंय.

माझी भावजय गेल्या महिन्यात नंदगडला बाळंत झाली. तिचं माहेर तिकडं निपाणीला, आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळं तिला कोण बघणार हा प्रश्नच होता. भावाला मी फोन करून सांगितलं की तिला एकटीला ठेवायचं नाही. मग मी, माझी मावसबहीण, शेजारच्या दोन काकू आणि माझी मुलगी अशी आम्ही वार वाटून घेतलेत, भाऊ रात्रीचा जागतो, त्याला बाळाला अंघोळ घालायला पण शिकवलंय. रविवार माझा. दिवाळीनंतरच्या बॅचला सातव्या रविवारसाठी मी परत नाव घातलंय, फक्त बाईंना सांगून ठेवलंय की एक वाजला की मला उठू द्या, नंदगडची गाडी धरायची असते.